काकवी, सेक्स्टंट आणि अठ्ठावीस सेकंद

गेल्या रविवारी दुपारी आमची अख्खी सोसायटी नेरुळहून उठून कोपरखैरण्यात जाऊन बसली. लिफ्ट, पाण्याची टाकी, सेक्रेटरींची स्कूटर, सगळ्यासकट. माझ्या गणिताप्रमाणे.

झालं असं, की आदल्या आठवड्यात सानपाड्याच्या पुलावर फोनमधल्या नकाशाच्या बाईंना आम्ही पुलावर आहोत की पुलाखाली हेच कळेना. पुलाच्या मधोमध त्या ठामपणे सांगत राहिल्या, आता डावीकडे वळा. डावीकडे कठडा. नात मागे बसली होती, सातवीतली. म्हणाली, "आबा, तुमच्या वेळी तर हे पण नव्हतं ना? मग तुम्ही समुद्रात हरवायचात का?"

"हरवायचो," मी म्हणालो. "पण ते नंतर कळायचं."

एवढ्यावर तिचं समाधान होणार नव्हतं. रविवारी सकाळी स्टूल लावून माळ्यावरून पेटी उतरवली. आत माझा सेक्स्टंट. एका निवृत्त होणाऱ्या कॅप्टनकडून जुना घेतलेला, तेव्हा माझा दोन महिन्यांचा पगार गेला होता. पेटी उघडली की अजून तोच वास येतो, जुनं लाकूड आणि शिवणयंत्राचं तेल. नातीने पितळी कंसावरचे बारीक आकडे बघितले, रंगीत काचा खालीवर केल्या आणि विचारलं, "हे चार्ज कुठून करायचं?"

आता सेक्स्टंट म्हणजे काय, तर कोन मोजायचं यंत्र. सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचं. दोन आरशांच्या करामतीने सूर्य खाली आणून क्षितिजावर टेकवायचा आणि कंसावरचा आकडा वाचायचा. समुद्रावर क्षितिज फुकट मिळतं. नेरुळच्या गच्चीवर ते कुठून आणायचं? पश्चिमेला खाडी, पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी आणि धुराच्या चिमण्या. दक्षिणेला, जिथे जानेवारीत दुपारचा सूर्य असतो, तिथे नुसते टॉवर.

यावर जुना उपाय आहे. एका पसरट भांड्यात द्रव ओतायचा. त्याचा पृष्ठभाग आपोआप सपाट. सूर्य जितका वर, त्याचं प्रतिबिंब तितकंच खाली. खऱ्या सूर्याची आणि भांड्यातल्या सूर्याची गाठ घालून दिली की कोन दुप्पट येतो, तो निम्मा करायचा. पूर्वी यासाठी पारा वापरत. आमच्याकडे परात होती. पाणी ओतलं तर खाडीवरच्या वाऱ्याने सूर्याचे शंभर तुकडे झाले. गोडेतेल मागितलं तर स्वयंपाकघरातून उत्तर आलं की तेलाचे भाव माहीत आहेत का. मग स्वयंपाकघरातूनच तोडगा निघाला, कोल्हापूरहून आलेली काकवी पडून आहे, ती न्या. ऐकायला थट्टा वाटेल, पण काकवीसारखा गुळाचा पाक यासाठी खरोखर वापरला गेलेला आहे. घट्ट, काळसर, वाऱ्याला दाद न देणारी. परातीत असा काही सूर्य उतरला की बस.

(हा उद्योग उन्हाळ्यात करायला जाऊ नका. सेक्स्टंटचा कंस साधारण १२० अंशांपर्यंत मोजतो. सध्या नेरुळात मध्यान्हीचा सूर्य ५१ अंशांवर आहे, दुप्पट १०२, म्हणून जमलं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर आला की दुप्पट १८० च्या घरात जाते. तेव्हा काकवी पोळीबरोबर खावी.)

मध्यान्ह म्हणजे बारा वाजता असा नातीचा समज. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या सूर्याने आणि आपण राहतो ७३ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे पोचायला ३८ मिनिटं जास्त. शिवाय जानेवारीच्या या दिवसांत तो आणखी दहा-अकरा मिनिटं उशीर करतो. म्हणून १२.४९ च्या सुमारास. पावणेएकपासून दोघं गच्चीवर. एका काचेतून मी बघतोय, ती फोनवरची वेळ ओरडून सांगतेय, खालच्या मजल्यावरचे काका कपडे काढायला आले ते तिथेच उभे. सूर्यावर सूर्य बसवला, तो वर सरकत गेला, थबकला, उतरायला लागला. थबकला तिथला आकडा घेतला, निम्मा केला, बाकीच्या बारीकसारीक दुरुस्त्या केल्या. अक्षांश आला १९ अंश ६ मिनिटं. (ही मिनिटं घड्याळाची नव्हेत, अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट.)

नातीने फोनवर बघितलं. "आपण १९ अंश २ मिनिटांवर आहोत. १९ अंश ६ मिनिटं म्हणजे कोपरखैरणे."

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. चार मिनिटं म्हणजे जवळजवळ साडेसात किलोमीटर. मी लगेच म्हणालो, काकवीवर साय आली असेल. वारा होता. परात कलली असेल. (द्रवाची परात कलली तरी पृष्ठभाग सपाटच राहतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी म्हणालो.)

आणि बोलता बोलता मला एकदम लक्षद्वीपमधलं मिनिकॉय बेट आठवलं. आकड्यापेक्षा सबबी आधी सुचण्याची माझी ही सवय जुनी आहे.

मी शिकलो 'राजेंद्र'वर, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा ती ट्रेनिंग शिप मुंबई बंदरात उभी असे. १९९३ पासून तिचा वारसा आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, करावे गावाजवळचं टी. एस. चाणक्य. टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप, पण ही शिप पक्क्या जमिनीवर आहे आणि तिच्या शेजारच्या पाणथळीत फ्लेमिंगो येतात. 'राजेंद्र'वर आमच्या डोक्यात ज्या गोष्टी घोकून घोकून भरल्या, त्यातली एक म्हणजे होकायंत्राच्या चुकीची ओळ. एरर वेस्ट, कंपास बेस्ट. एरर ईस्ट, कंपास लीस्ट. चूक कुठल्या बाजूची असेल तर मिळवायची आणि कुठल्या बाजूची असेल तर वजा करायची, एवढंच त्यात आहे. पण बोटीवरच्या निम्म्या भानगडी या एवढ्यावरच होत असतात. घड्याळासाठी अशी ओळ आम्हाला कुणी शिकवली नाही.

१९८६ चा जानेवारी. मी सेकंड ऑफिसर म्हणून कोलंबोला एका मालवाहू बोटीवर चढलो. कंपनीच्या नव्या बोटींवर तेव्हाचं सॅटनॅव्ह आलं होतं. ते सध्याचं जीपीएस नव्हे. उपग्रह डोक्यावरून गेला की एकदा जागा सांगायचं, मग पुढचा उपग्रह येईपर्यंत गप्प. आमच्या म्हातारीवर तेही नव्हतं. सेक्स्टंट, रडार, आणि चार्टरूममध्ये काचेखाली गाद्यांच्या घरात बसवलेला क्रोनोमीटर, म्हणजे बोटीचं अचूक घड्याळ.

क्रोनोमीटर हे सेकंड ऑफिसरचं लाडकं बाळ. रोज सकाळी ठरल्या वेळी तितकेच आटे द्यायचे, काटे मात्र कधी हलवायचे नाहीत. घड्याळ पुढे असो की मागे, ते जसं चालतं तसं चालू द्यायचं. रोज रेडिओवरच्या वेळेशी ताडून किती सेकंदांचा फरक आहे ते वहीत लिहायचं आणि गणित करताना तेवढी दुरुस्ती करायची. कारण पृथ्वी चार सेकंदांत एक मिनिट रेखांश फिरते. विषुववृत्ताजवळ घड्याळाचा एक सेकंद चुकला तर बोट नकाशावर पाव मैल सरकली.

इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनने ज्या घड्याळासाठी आयुष्य घालवलं, ते हेच. १७६१ मध्ये त्याचं चौथं घड्याळ जमैकाला निघालं आणि ८१ दिवसांत अवघे पाच सेकंद मागे पडलं. एवढ्या मोठ्या तपश्चर्येनंतर माणसाच्या हातात आलेली गोष्ट मी कोलंबोच्या शिडीवर, दहा मिनिटांत ताब्यात घेतली. जाणारा सेकंड ऑफिसर घाईत होता, खाली गाडी उभी होती. वही देत म्हणाला, ट्वेंटी एट. मी म्हणालो, ओके.

माझ्या आधीच्या बोटीवरचा क्रोनोमीटर पुढे होता. नऊ महिने रोज मी वजा करत आलो होतो. हा क्रोनोमीटर अठ्ठावीस सेकंद मागे होता. वहीत तसं स्वच्छ लिहिलेलंही होतं. मी निघण्याआधी रेडिओवर वेळ ताडून बघितली, फरक अठ्ठावीसच आला, आकडा जुळला म्हणून खूश झालो. आणि एक चिठ्ठी लिहून क्रोनोमीटरच्या पेटीला चिकटवली, चार्टरूममध्ये येणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. चिठ्ठीवर एक आडवी रेघ आणि २८. वजा अठ्ठावीस.

रात्री आठला कोलंबो सोडलं. एडनकडे. वाटेत मिनिकॉय बेटाच्या उत्तरेने बारा मैलांवरून जायचं. प्रवाळाचं बेट आहे, नारळाच्या झाडांएवढीच त्याची उंची. त्याच्यावर १८८५ ची दिवादांडी. त्या भागात या बेटाने बऱ्याच बोटी खाल्लेल्या आहेत. (आणि गंमत अशी, की मिनिकॉयची दिवादांडी आणि आमचं नेरुळ जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, ७३ अंशांच्या किंचित पूर्वेला. माझ्या गच्चीवरून सरळ दक्षिण धरली तर साडेसहाशे मैलांच्या आत ती येते. हे मला इथे घर घेतल्यावर वीस वर्षांनी लक्षात आलं.)

पहाटे ढग, तारे दिसले नाहीत. दुपारी सूर्य फटीतून डोकावला, अक्षांश मिळाला. अक्षांशाला घड्याळाची फारशी गरज नसते, त्यामुळे तो बरोबर होता. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं आणि चीफ ऑफिसरने तारे घेतले. ब्रह्महृदय, रोहिणी, व्याध, अगस्ती. तो त्यांना कपेला, अल्डेबरन, सिरियस, कनोपस म्हणायचा, मला मात्र आजीने अंगणात दाखवलेली नावंच आधी आठवतात. चारही ताऱ्यांच्या रेषा नकाशावर आखल्या तर एका ठिपक्यात मिळाल्या. एरवी त्या कधी अशा मिळत नाहीत, मध्ये एखादा त्रिकोण उरतोच. चीफने मला बोलावून दाखवलं. आणि तो ठिपका नेमका वेग आणि दिशा धरून काढलेल्या आमच्या अंदाजी जागेवर पडला होता. याहून सुंदर फिक्स, म्हणजे ताऱ्यांवरून पक्की केलेली जागा, मी तोवर पाहिला नव्हता.

तो साफ चुकीचा होता.

अठ्ठावीस मिळवायचे तिथे वजा केले, म्हणजे छप्पन्न सेकंदांची चूक. छप्पन्न सेकंद म्हणजे चौदा मिनिटं रेखांश, चौदा मैल. आणि घड्याळाची चूक प्रत्येक ताऱ्याला सारखीच लागते. सगळ्या रेषा एकमेकींचा हात धरून एकाच बाजूला सरकतात. त्यामुळे ठिपका ठिपकाच राहतो, फक्त चौदा मैल पूर्वेला. तुम्ही कोन कितीही नजाकतीने मोजा, चूक दिसणारच नाही. उलट जितकं काम नेटकं, तितका विश्वास जास्त.

मग अंदाजी जागेशी तो जुळला कसा? तर जानेवारीत तिथला प्रवाह पश्चिमेला वाहतो. कोलंबो सोडल्यापासून त्याने आम्हाला चौदा-एक मैल पुढे ढकललं होतं आणि माझ्या चिठ्ठीने तेवढंच मागे ओढलं होतं. दोन्ही मिळून शून्य. या महिन्यात प्रवाह अजिबात कसा नाही, असा प्रश्न कुणाला तरी पडायला हवा होता. आकडे जुळले की कोण प्रश्न विचारतो!

माझा पहारा रात्री बारा ते चार. हिशेबाने मिनिकॉयचा दिवा सव्वादोनच्या सुमारास दिसायला हवा होता. एक वाजून पाच मिनिटांनी बाहेरच्या बाजूला उभा असलेला सुकाणी आत आला. हर्णैकडचा माणूस, पन्नाशी उलटलेला. म्हणाला, "सेकंड साब, बत्ती."

मी म्हणालो, मासेमारीची बोट असेल.

"मच्छीवाल्याची बत्ती अशी फिरत नाय साब."

दुर्बिणीतून बघितलं. क्षितिजाखालून उजेडाचा हात येऊन जात होता. घड्याळ लावून त्याची लय मोजली. मिनिकॉयची. आणि इथून पुढची पंधरा मिनिटं मला आजही आठवली की लाज वाटते. मी दिवा मिनिकॉयचा आहे हे मान्य केलं आणि तरीही बोट हलवायला तयार झालो नाही. आज हवा विशेष स्वच्छ असेल. उजेड वाकून लांबून दिसत असेल, तसं होतं कधी कधी. दिवादांडीत नवा दिवा बसवला असेल आणि पुस्तकात नोंद यायची राहिली असेल. रडार लावलं, त्यावर काही नाही. ठेंगणं बेट इतक्या लांबून रडारवर दिसत नाहीच, पण मी ते माझ्या बाजूचा पुरावा म्हणून धरलं. सुकाणी दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. बोलला काही नाही.

एक वीसला कॅप्टनसाहेबांना उठवलं. गोव्याचे होते. लुंगी आणि बनियनवर वर आले, दिव्याकडे पाहिलं, नकाशावरच्या त्या सुंदर ठिपक्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "क्रोनोमीटर पुढे आहे का मागे?"

मी म्हणालो, अठ्ठावीस सेकंद.

"ते नाही विचारलं."

दीड वाजता बीबीसीचे ठोके लागले. कोलंबोच्या वेळेने दीड म्हणजे ग्रिनिचला रात्रीचे आठ. पाच छोटे आणि सहावा लांब. लांब ठोका पडला तेव्हा मी, कॅप्टन आणि हर्णैचा सुकाणी असे तिघं क्रोनोमीटरवर वाकलो होतो. काटा सात एकोणसाठ बत्तीसवर. मागे. कॅप्टनने पेटीवरची चिठ्ठी नखाने सोलून काढली, माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि झोपायला गेले. अक्षांश बरोबर होता, बारा मैलांचं अंतर राखलेलं होतं, त्यामुळे बेटाला काही धोका नव्हता आणि आम्हालाही. पुढे सहा महिने त्यांनी माझ्याकडून दुरुस्ती आकड्यात नाही, अक्षरात लिहून घेतली. घड्याळ मागे आहे, म्हणून मिळवा.

मला नंतर सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्या संध्याकाळी चीफचं गणित, माझं गणित आणि थर्ड ऑफिसरचं गणित तिन्ही जुळत होती. आम्ही एकमेकांना "टॅलीड" म्हणून दाखवलंसुद्धा. जुळणारच. तिघंही माझ्या एकाच चिठ्ठीवरून करत होतो.

दिशा चुकलेल्या बोटींचा विषय निघाला की लोक १७०७ ची सिलीची गोष्ट सांगतात. ॲडमिरल शॉव्हेलचा इंग्रज ताफा जिब्राल्टरहून परतताना २२ ऑक्टोबरला सिली बेटांच्या खडकांवर गेला, चार जहाजं बुडाली, हजाराहून जास्त माणसं मेली, त्यातून १७१४ चा रेखांशाचा कायदा आणि २०,००० पौंडांचं बक्षीस. शिवाय एका खलाशाने आधीच सावध केलं म्हणून त्याला फाशी दिलं, ही दंतकथा. तिला पुरावा नाही, पण ती सुटत नाही. माझं या गोष्टीशी फारसं जमत नाही. त्या बिचाऱ्यांकडे घड्याळच नव्हतं.

मला आपली वाटते ती ८ सप्टेंबर १९२३ ची. अमेरिकन नौदलाच्या चौदा विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन दिएगोला निघालेल्या, वेग वीस नॉट, एकामागे एक. सगळ्यांत पुढे 'डेल्फी'. बाकीच्यांनी तिच्या मागे यायचं. धुकं. किनाऱ्यावर पॉइंट अर्ग्वेलोला रेडिओने दिशा सांगणारं केंद्र होतं आणि ते सांगत होतं की तुम्ही अजून आमच्या उत्तरेला आहात. डेल्फीच्या गणितात त्या पुढे गेलेल्या होत्या. नवं यंत्र, त्याचं काय खरं! खोली मोजून बघता आली असती, पण त्यासाठी वेग कमी करावा लागतो. रात्री नऊला सांता बार्बराच्या सामुद्रधुनीत शिरतोय असं समजून डेल्फी डावीकडे वळली. पाच मिनिटांत खडक. मागच्या तिच्यामागे वळत गेल्या. सात विनाशिका गेल्या, तेवीस माणसं गेली. आठवड्यापूर्वी जपानात मोठा भूकंप झाला होता, त्याने प्रवाह बदलले असतील असंही काही जण म्हणतात. असतील. पण किनाऱ्यावरचा माणूस रेडिओवरून सांगत होता, आणि ती "पंधरा मिनिटं" मी स्वतः जगलेलो आहे.

"जीपीएस आल्यावर हे बंद झालं ना?" नातीने विचारलं. तिला मी 'रॉयल मॅजेस्टी'ची गोष्ट सांगितली. जून १९९५, बर्म्युडाहून बोस्टनला निघालेली प्रवासी बोट. जीपीएसच्या अँटेनाची वायर सुटली. यंत्र बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते गुपचूप अंदाजी हिशेबावर गेलं आणि आकडे दाखवत राहिलं. चौतीस तासांत बोट सतरा मैल बाजूला गेली आणि नँटकेटजवळच्या वाळूत रुतली. कुणाला इजा झाली नाही. पण मला त्यातला बोया, म्हणजे पाण्यावरची तरंगती खूण, विसरता येत नाही. ठरल्या वेळी ठरल्या दिशेला रडारवर एक बोया दिसायला हवा होता, आणि दिसला. अधिकाऱ्याने हाच तो म्हणून खूण केली. तो दुसराच होता. 'आर्गो मर्चंट' नावाचं टँकर १९७६ मध्ये असंच वाट चुकून तिथे फुटलं होतं, त्याच्या सांगाड्याची जागा दाखवणारा.

आमच्या सकाळच्या फिरण्यातले एक मित्र दिवाळे कोळीवाड्यातले, जन्मभर तांडेल म्हणून बोट चालवलेले. त्यांना हे सगळं सांगितलं की ते हसतात. खाडीत त्यांचं काम खुणांवर. दोन वस्तू एकामागे एक आल्या की ती ओळ, दुसरीकडे आणखी दोन, तिथे दुसरी ओळ. दोन्ही जुळल्या तिथे जाळं. पुस्तक नाही, घड्याळ नाही. मी म्हणतो, मग तुमचं कधी चुकलंच नाही? तर त्यांनी सांगितलं. नवी मुंबईत बांधकामं जोरात होती तेव्हा रात्रीच्या एका ओळीसाठी त्यांनी एका टॉवरवरचा लाल दिवा धरला होता. दोन वर्षं चोख. एका रात्री त्या ओळीवर येताना होडी चिखलात बसली ती थेट पहाटेच्या भरतीपर्यंत. दिवा क्रेनचा होता. क्रेन शेजारच्या प्लॉटवर गेली होती.

तर, कोपरखैरणे. नातीला ही सगळी कहाणी सांगून झाल्यावर ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "आबा, याला शून्यावर ठेवलं तर शून्य दिसतं का?"

मी सबबी शोधत होतो आणि पहिल्या दिवशी कॅडेटला शिकवतात ती तपासणी केलीच नव्हती. सेक्स्टंट शून्यावर लावला आणि पलीकडच्या ट्रॉम्बेच्या चिमणीकडे बघितलं. चिमणी दोन तुकड्यांत, एकावर एक न बसलेली. माळ्यावर वीस वर्षं धक्के खाऊन आरसा हलला होता. दोन्ही तुकडे जुळवले, आकडा वाचला. आठ मिनिटं, शून्याच्या अलीकडे.

"मग हे आठ मिळवायचे की वजा करायचे?"

खरं सांगतो, मला दोन सेकंद थांबावं लागलं. शून्याच्या अलीकडे म्हणजे यंत्र कमी दाखवतंय, म्हणून मिळवायचे. दुप्पट कोनात आठ मिळवले, निम्मे केले, सूर्य चार मिनिटं वर गेला आणि आम्ही चार मिनिटं खाली आलो. १९ अंश २ मिनिटं. लिफ्ट, टाकी, सेक्रेटरींची स्कूटर, सगळं नेरुळला परत.

नातीने वहीचं पान फाडलं, त्यावर लिहिलं आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. आठ मिनिटं मिळवा. खाली दोन रेघा ओढल्या. तोवर परातीला मुंग्या लागल्या होत्या, आणि खालून हाक आली की ती काकवी आता कोण खाणार आहे.